नशेची सुई आणि वय: संसर्गाचा धोका नेमका कोणाला जास्त?

इंजेक्शनने नशा करणारे दोघे डोळ्यांसमोर आणा. एक बावीस वर्षांचा, सहा महिन्यांपूर्वी सुरुवात केलेला. दुसरा पंचेचाळीसचा, वीस वर्षं घेत आलेला. यांतल्या कोणाला एचआयव्ही किंवा हिपॅटायटीस सी असेल, असं विचारलं तर बहुतेक जण पंचेचाळीसच्या माणसाकडे बोट दाखवतील आणि ते बरोबरच असेल. पण येत्या वर्षभरात यांतल्या कोणाला नव्याने लागण होण्याची भीती जास्त, असं विचारलं तर उत्तर फिरतं. ती भीती बावीस वर्षांच्या पोराला जास्त असते.

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं आणि तपासण्या लावायचं काम करते. फॉर्मवर नावाच्या शेजारी वयाचा रकाना असतो आणि बऱ्याचदा तो नुसता भरायचा म्हणून भरला जातो. या विषयात मात्र त्या रकान्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. कोणती तपासणी आधी करायची, कोणत्या आजाराची शंका धरायची, कोणती लस राहून गेली असेल आणि त्या माणसापर्यंत पोचायचं तरी कसं, हे सगळं वयानुसार बदलतं.

आधी थोडं आजारांबद्दल. एकाची सुई दुसऱ्याने वापरली तर मुख्यतः तीन विषाणू पसरतात: एचआयव्ही, आणि यकृताला सूज आणणारे हिपॅटायटीस बी आणि हिपॅटायटीस सी. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई एकदा वापरली तर लागण होण्याची शक्यता 10,000 मध्ये साधारण 63 धरतात. आकडा लहान वाटतो. पण इंजेक्शनची नशा करणारा दिवसातून दोन-तीनदा सुई घेतो, आठवड्याचे सातही दिवस घेतो, आणि मग तो आकडा लहान राहत नाही. हिपॅटायटीस बी तर याच्या कितीतरी पट चिवट. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर शंभरातल्या 6 ते 30 जणांना लागण होऊ शकते, म्हणून तर आमच्यासारख्या लॅबमधल्या लोकांना कामावर घेताना ही लस घ्यायला सांगतात.

हिपॅटायटीस सी आपल्याकडे कमी माहीत आहे आणि सुईच्या बाबतीत तोच सगळ्यात जास्त पसरतो. त्याचं कारण सिरिंजच्या घडणीत आहे. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी सुई जिथे जोडली जाते तिथे थोडी जागा उरते, आणि त्या जागेत डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त अडकतं. सुई वेगळी निघते त्या सिरिंजमध्ये ही जागा जास्त असते, इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये सुई पक्की बसवलेली असल्यामुळे कमी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की प्रयोगशाळेत अशा अडकलेल्या रक्तात हिपॅटायटीस सीचा विषाणू 63 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. दोन महिने! पाण्याने खळबळून घेतली म्हणजे सुई स्वच्छ झाली, असं मानणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगायला हवा. शिवाय सुई ज्याची त्याची असली तरी पाणी, ज्यात औषध विरघळवतात ते झाकण किंवा चमचा आणि गाळायचा कापूस एकच असेल, तर त्यातूनही हा विषाणू जातो. "आम्ही सुया वेगळ्या वापरतो" असं सांगणाऱ्यांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

आता वयाकडे येऊ. पावसाळ्यात सोलापूरकर सकाळी पेपर उघडून सगळ्यात आधी उजनीचे आकडे बघतो. तिथे दोन आकडे असतात. धरणात साठा किती, आणि दौंडकडून आवक किती. जुलैमध्ये साठा तळाला असतो पण आवक जोरात असते. नोव्हेंबरमध्ये धरण भरलेलं असतं आणि आवक जवळजवळ थांबलेली असते. संसर्गाचंही अगदी तसंच आहे. पंचेचाळिशीतल्या लोकांमध्ये पॉझिटिव्ह जास्त, कारण वीस वर्षांत एकेक करून लागण झालेले सगळे त्यात मोजले जातात. हा साठा. तरुणांमध्ये एकूण पॉझिटिव्ह कमी दिसतात, पण त्यांच्यात नवी लागण वेगाने होत असते. ही आवक. फक्त साठ्याचा आकडा बघून "धोका म्हाताऱ्यांना, पोरांना काही नाही" असा निष्कर्ष काढला तर ऐन पावसात पुराकडे पाठ फिरवल्यासारखं होईल.

हे नुसत्या अंदाजावर बोलत नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शनने नशा करणाऱ्या, पण अजून लागण न झालेल्या लोकांवर लक्ष ठेवलं, तर दर 100 जणांमागे वर्षाला साधारण 12 जणांना हिपॅटायटीस सीची नवी लागण होते आणि 1 ते 2 जणांना एचआयव्हीची. वयाप्रमाणे वाटणी केली तेव्हा साधारण पंचविशीच्या आतल्या तरुणांमध्ये दोन्ही आजारांच्या नव्या लागणीचं प्रमाण मोठ्या वयाच्या लोकांच्या दीडपट निघालं. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा एचआयव्हीचं प्रमाण 1.4 पट आणि हिपॅटायटीस सीचं 1.2 पट. म्हणजे वय लहान आणि त्यात मुलगी असेल, तर धोका दोन्ही बाजूंनी वाढतो.

वय वाढल्यावर नवी लागण कमी होते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते सुखाचं नाही. सगळ्यात बेफिकीरपणे सुई वापरणारे बरेचसे आधीच बाधित झालेले असतात, काही जण तर जिवंतच नसतात. मागे उरतात ते बहुतेक सावध लोक. त्यामुळे चाळिशीतल्या लोकांचे आकडे बघून "वय वाढलं की शहाणपण येतं" असं म्हणण्यात निम्मंच खरं आहे.

पोरांनाच जास्त का?

वयाबरोबर शरीर बदलतं म्हणून हे होतं, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. हिपॅटायटीस सीच्या बाबतीत तर तरुण शरीर उलट बाजूने जास्त चांगलं लढतं. लागण झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत विषाणू आपोआप निघून जाण्याची शक्यता तरुणांमध्ये आणि बायकांमध्ये थोडी जास्तच असते. खरं कारण माणसं एकत्र बसतात कशी, यात आहे.

पहिलं इंजेक्शन बहुतेक जण स्वतःच्या हाताने घेत नाहीत. ते दुसरा कोणीतरी देतो, आणि हा दुसरा बहुतेक वेळा वयाने मोठा आणि अनुभवी असतो. म्हणजे ज्या गटात साठा जास्त, त्याच गटातला माणूस नवख्याच्या सगळ्यात जवळ असतो. त्यात सुई एक आणि घेणारे तीन असले तर आधी औषध आणणारा, मग जुना, आणि शेवटी नवा, असा नंबर लागतो. शेवटच्याच्या वाट्याला तोपर्यंत दोघांचं रक्त लागलेली सुई येते. मुलींच्या बाबतीत देणारा बहुतेकदा मित्र किंवा नवरा असतो, आधी स्वतः घेतो, मग हिला देतो. त्याला "नवीन सुई आण" म्हणणं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं सांगणं, आणि ते तिला जमत नाही.

दुसरं कारण, नवा माणूस स्वतःला नशेबाज समजत नाही. एचआयव्हीसाठी काम करणारे कार्यकर्ते कुठे जातात? रेल्वे लाइनीच्या कडेला, पुलाखाली, पडक्या जागेत, जिथे जुने लोक बसतात तिथे. नव्या सुया, समुपदेशन, तपासणी हे सगळं त्यांच्यापर्यंत थोडंफार तरी पोचतं. कॉलेजला जाणारा किंवा एमआयडीसीत पाळीवर जाणारा पोरगा मित्राच्या खोलीवर दार लावून घेतो. तो कोणाच्याच यादीत नसतो. मेडिकलमध्ये सिरिंज मागायला जायचं तर ओळखीचा कोणी बघेल ही धास्ती, म्हणून आहे तीच सुई फिरते. वय अठराच्या आत असेल तर आणखी अडचण, कारण एचआयव्ही तपासणीला पालकांची संमती लागते आणि नेमकं आईवडिलांनाच कळू द्यायचं नसतं.

सोलापुरात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जिमच्या पोरांची. मेफेन्टरमाइन नावाचं एक औषध आहे. ऑपरेशनच्या वेळी रोग्याचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. व्यायामाला ताकद येते, थकवा कळत नाही म्हणून ते जिममध्ये विकलं जातं, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याचा बेकायदा साठा पकडला गेला आहे. हे घेणाऱ्या पोराला तुम्ही नशेबद्दल काहीही विचारा, तो मनापासून सांगेल की आपण सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. आणि त्याच्या दृष्टीने ते खोटं नसतं.

आता हे औषध कशात येतं ते बघा. बोटाएवढी काचेची बाटली, वर रबरी बूच, बुचाभोवती पत्र्याची पट्टी. आम्ही तिला वायल म्हणतो. यात एकाच माणसाला लागतं त्यापेक्षा खूप जास्त औषध असतं, म्हणून चार-पाच जण पैसे काढून एक वायल घेतात. पहिल्याने नवी सुई बुचातून आत घातली, औषध ओढलं, टोचलं. थोडं कमी पडल्यासारखं वाटलं म्हणून तीच सुई पुन्हा बुचातून आत गेली. त्या क्षणी त्याच्या रक्ताचा अंश वायलमध्ये उतरतो. नंतरचे चारही जण कोऱ्या करकरीत सुया फोडून वापरतील, तरी त्यांच्या सुईत येणारं औषधच दूषित असेल. बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर पुरवली तर आठवडाभर धोका. स्टेरॉइडच्या वायलचंही तेच, आणि ती स्नायूत टोचतात म्हणून रक्ताचा संबंध येत नाही हा गैरसमज आहे.

हे दवाखान्यातही झालेलं आहे. 2009 मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटीस बीची मोठी साथ आली आणि बरीच माणसं गेली. तिथे नशेचा काही संबंध नव्हता. वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्या जात होत्या, एवढंच कारण. विषाणूला इंजेक्शन तापाचं आहे, ताकदीचं आहे की नशेचं, याच्याशी देणंघेणं नसतं.

एमडीबद्दलही सांगायला हवं, कारण 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या चिंचोली एमआयडीसीत एमडी बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला तेव्हापासून सोलापुरात हा शब्द घराघरात माहीत झाला. एमडी म्हणजे मेफेड्रोन. बहुतेक जण ते नाकाने ओढतात. पण काही जण पुढे जाऊन सुईवर येतात, आणि अशा उत्तेजक पदार्थांचा परिणाम लवकर उतरत असल्यामुळे हेरॉइनपेक्षा कितीतरी जास्त वेळा टोचून घेतात. एका रात्रीत आठ-दहा वेळा टोचलं तर पहाटे कोणाची सुई कोणती, हे सांगणं कठीण होतं.

वय झालेल्यांचं दुखणं निराळं

वीस वर्षं इंजेक्शन घेतलेल्या माणसाचं रक्त काढणं हे लॅबमधलं एक अवघड काम. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची, कोपराच्या खाचेत बोटाने चाचपायचं. तरुण माणसाची शीर बोटाखाली लवचिक लागते. इथे दोरीसारखं काहीतरी टणक लागतं आणि सुई घातली तर आतून काहीच येत नाही. असे लोक स्वतःच मदत करतात. "मॅडम, तिकडं नका टोचू, ती गेलेली हाय. घोट्यापाशी बघा, तिथं मिळंल." स्वतःच्या हातापायांचा असा नकाशा पाठ असलेला माणूस समोर बसला की मी वयाच्या रकान्याकडे पुन्हा एकदा बघते. आकडा बहुतेकदा मला वाटला त्याहून कमी असतो.

हातावरच्या शिरा बंद पडल्या की माणूस पायाकडे वळतो, मग जांघेकडे, काही जण मानेकडेसुद्धा. जांघेत मोठी शीर, धमनी आणि मज्जातंतू अगदी लागून असतात. तिथे चूक झाली तर रक्तस्राव होतो, गुठळी होते, पाय सुजून काळानिळा पडतो. या वयात विषाणूंइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, त्रास जिवाणूंचा असतो. आपल्या कातडीवर जे जिवाणू निरुपद्रवीपणे राहतात ते सुईबरोबर आत ढकलले जातात. मग गळू होतं, आजूबाजूची कातडी लाल आणि गरम होते. मधुमेह असेल तर हे भरून येत नाही, आणि चाळिशीनंतर तो आपल्याकडे किती घरांत आहे हे सांगायला नको.

यातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे हृदयाच्या झडपेला होणारा संसर्ग. शिरेतून आलेला जिवाणू सरळ हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतो, तिथल्या झडपेवर घर करतो आणि तिथून त्याचे तुकडे फुप्फुसात जातात. थंडी वाजून ताप येतो, जातो, पुन्हा येतो. धाप लागते, खोकला येतो. गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलं की कधी टायफॉइड, कधी न्यूमोनिया म्हणून गोळ्या मिळतात, दोन दिवस बरं वाटतं. इंजेक्शन घेणाऱ्या माणसाला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थंडीताप असेल तर मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगायचं. शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू वाढतो का ते बघणारी तपासणी, झालं पाहिजे, कारण गोळ्या पोटात गेल्यावर जिवाणू पकडीत येत नाही. लाज वाटते म्हणून सांगितलं नाही, यात माणसं गेलेली आहेत.

दुसरी गोष्ट यकृताची. बाविसाव्या वर्षी हिपॅटायटीस सी झाला तर त्या वेळी बहुधा काहीच कळत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही. साधारण 100 पैकी 70 जणांमध्ये विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो आणि त्यातल्या 15 ते 30 टक्के लोकांचं यकृत वीस वर्षांत निबर होतं, म्हणजे सिरोसिस. वरून दारू असेल तर ही वाट लवकर संपते. लागणच चाळिशीनंतर झाली असेल तरीही यकृत जास्त वेगाने खराब होतं. म्हणून पंचेचाळिशीतल्या माणसाला पोटात पाणी झालं किंवा रक्ताची उलटी झाली तेव्हा जे दिसतं ते बऱ्याचदा त्याच्या विशीतल्या एखाद्या सुईचं बिल असतं. काविळीवर रविवारी सकाळी उपाशीपोटी झाडपाल्याचं औषध घ्यायला लोक कुठल्या कुठे जातात. हिपॅटायटीस सीला त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि जे औषध खरंच उपयोगाचं आहे ते सरकार फुकट देतं.

होय, फुकट. सोफोस्बुविर आणि डाक्लाटास्विर यांसारख्या गोळ्या बहुतेकांना 12 आठवडे घ्यायच्या असतात आणि 95 टक्क्यांच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत. हिपॅटायटीस सीचा शोध 1989 मध्ये लागला आणि त्या कामासाठी 2020 चं नोबेल दिलं गेलं. माझ्याच आयुष्यात एक आजार नाव नसण्यापासून गोळ्यांनी बरा होण्यापर्यंत आला. इतकं असूनही लोक तपासणीलाच येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

जन्मसाल आणि लस

हिपॅटायटीस सीवर लस नाही. बीवर आहे, आणि इथे वयाचा हिशेब अगदी सरळ आहे. सरकारी लसीकरणात ही लस 2002 मध्ये काही निवडक ठिकाणी सुरू झाली आणि 2011 पासून देशभर झाली. म्हणजे आज जी मुलं शाळेत आहेत त्यांना बहुतेक ती बाळपणीच मिळालेली आहे. जे तिशीत, चाळिशीत आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांना मिळालेली नाही, स्वतः पैसे भरून घेतली असेल तरच. विशीतल्यांचं मधलंच आहे, कार्ड सापडलं तर बघावं, नाहीतर रक्त तपासून घ्यावं. लस तीन डोसची असते. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. इंजेक्शन घेणाऱ्या माणसाने ती घ्यावीच, वय काहीही असो.

हिपॅटायटीस बी लहानपणी आणि मोठेपणी वेगवेगळा वागतो. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी झाला तर 100 पैकी 90 बाळांमध्ये तो कायम राहतो. मोठ्या वयात सुईतून झाला तर 95 टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये तो काही महिन्यांत निघून जातो. पण निघून जाण्याआधी ती व्यक्ती दुसऱ्याला देऊन बसू शकते, आणि ती गरोदर असेल तर बाळाला जन्मल्यानंतर 24 तासांच्या आत लस मिळणं फार गरजेचं असतं.

रिपोर्ट हातात आला की लोक त्यातला एकच शब्द वाचतात. म्हणून थोडं समजून घ्या. हिपॅटायटीस सीची पहिली तपासणी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची असते. ती "रिॲक्टिव्ह" आली तर कधीतरी लागण झाली होती, एवढंच कळतं. विषाणू आता रक्तात आहे का, हे आरएनए तपासणीने कळतं, आणि उपचार त्यावर ठरतात. गोळ्या घेऊन बरा झालेला माणूस दहा वर्षांनी आला तरी त्याची अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्हच येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्या अँटिबॉडी पुढच्या लागणीपासून वाचवत नाहीत. एकदा बरा झालेला पुन्हा तीच सुई वाटून घेऊ लागला तर आजार पुन्हा होतो, आणि तेव्हा थेट आरएनए तपासावा लागतो. तरुणांच्या बाबतीत उलट अडचण येते. लागण नुकतीच झाली असेल तर अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणून शंका असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटीस दोन्हींसाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

याच कारणाने एक विनंती. शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला सोलापुरात रक्तदान शिबिरं होतात आणि तरुण मंडळातल्या सगळ्यांबरोबर पोरं रांगेत उभी राहतात. ज्याने कधीही नशेचं किंवा जिमचं इंजेक्शन वाटून घेतलं आहे त्याने रक्त देऊ नये. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, पण अगदी नवी लागण तपासणीतून निसटू शकते. फुकट तपासणी होते म्हणून शिबिरात जाणारेही काही जण असतात. त्यांच्यासाठी सरकारी तपासणी केंद्र आहे.

हे केंद्र म्हणजे आयसीटीसी. सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत एचआयव्हीची मोफत तपासणी आणि समुपदेशन होतं. पॉझिटिव्ह आलं तर एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, औषधं मोफत आणि लगेच सुरू होतात. रोज गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बाधित सुई लागून गेल्याची शंका असेल तर 72 तासांच्या आत हॉस्पिटल गाठावं. 28 दिवस गोळ्या घेऊन एचआयव्हीची लागण टाळता येते. जितका उशीर तितका उपयोग कमी. हेरॉइन किंवा तशाच औषधांवर असलेल्यांसाठी ओएसटी आहे. त्यात जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रात देतात, त्यामुळे अंगदुखी, उलट्या, तळमळ होत नाही आणि सुईची गरज राहत नाही. जवळचं केंद्र कुठे आहे ते 1097 या मोफत क्रमांकावर कळतं. व्यसनमुक्तीसाठी 14446.

"पोलीस धरतील" ही भीती सगळ्यांना असते. कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम 64अ असं आहे की सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही. उपचार अर्ध्यावर सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने नव्या सुया वाटण्यासारख्या कामाला संरक्षण दिलं आहे आणि कोणाचाही एचआयव्ही रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी केली आहे. नोकरीवरून काढणं, दवाखान्यात उपचार नाकारणं हेही बेकायदा आहे.

देशपातळीवर बघितलं तर 2019 च्या सरकारी सर्वेक्षणाने भारतात इंजेक्शनने नशा करणारे साधारण साडेआठ लाख असल्याचं सांगितलं आणि जास्त संख्या असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव होतं. 2021 च्या पाहणीत अशा लोकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 9 टक्क्यांच्या वर निघालं, तर एकूण प्रौढांमध्ये ते 500 मध्ये एकाच्या आसपास आहे. या पाहण्या मुख्यतः कार्यकर्त्यांना माहीत असलेल्या लोकांच्या होतात. दार लावून बसलेली पोरं त्यात फारशी येत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की सोलापुरात हे काम पुलाखाली जितकं व्हायला हवं तितकंच जिममध्ये, कॉलेजात आणि कारखान्यांच्या गेटवर व्हायला हवं, आणि पत्रकं मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही छापायला हवीत. पूर्व भागात घरात तेलुगू बोलणाऱ्या आईला मराठी पत्रक देऊन उपयोग काय?

आईबापांसाठी शेवटचं. पोराच्या बॅगेत सिरिंज किंवा रबरी बुचाची बाटली सापडली तर त्या सुईला टोपण लावायचा प्रयत्न करू नका, टोचते ती बहुतेक तेव्हाच. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात जाईल. बाटली जवळच्या दवाखान्यात नेऊन द्या. पोराला विचारताना "का केलंस" नंतर विचारा. आधी विचारा की शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, सुई कोणाची होती, वायल किती जणांत होती. 72 तास झाले नसतील तर जेवण तसंच ठेवून त्याला घेऊन सिव्हिलला निघा. झाले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला या, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.